पेल्यात रस किती, साखर किती?

उन्हाळा तापला की शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या बाजारात आणि आंबा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सरबताला गिऱ्हाईक वाढते. रमजानमध्ये इफ्तारसाठीही घरोघरी सरबत लागते. या धंद्याला भांडवल थोडे पुरते. आपल्या होतकरू तरुणांनी त्यात अवश्य उतरावे, असे आम्हास वाटते. मात्र आपण पेल्यात काय घालून देतो, याचाही विचार व्हावयास हवा.

हिशेब साधा आहे. 200 मिलिलिटरच्या पेल्यात 12 टक्के साखर धरली तर ती 24 ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली मोठ्या माणसासाठी दिवसाला सुमारे 50 ग्रॅमच्या आत आणि शक्यतो 25 ग्रॅमच्या आत साखर असावी, असे सुचविले आहे. गाळलेल्या रसातील मूळची साखरही यात धरली जाते. म्हणजे एका पेल्यातच दिवसाचा वाटा संपतो! गूळ घातला म्हणून सुटका होत नाही. कोल्हापुरी गुळाचा लौकिक मोठा, पण शरीराच्या लेखी तीही साखरच. फळ चावून खाल्ले तर चोथा पोटात जातो व साखर रक्तात सावकाश उतरते. रसात तसे होत नाही.

मग धंदा बंद करावा काय? मुळीच नाही. पेला लहान ठेवावा. साखर आधीच न ढवळता गिऱ्हाइकाला विचारून घालावी. त्याला मधुमेह असेल तर तो आपणहून सांगेल. आपल्या डोंगरातील करवंद-जांभूळ, कोकणातील कोकम यांना मीठ व जिरेपूड लावली की थोड्या साखरेतही चव येते.

फळ महाग आणि साखर स्वस्त, ही विक्रेत्याची अडचण आम्ही जाणतो. तरीही रंग व एसेन्सचे पाणी जांभळाचा रस म्हणून विकणे ही फसवणूकच होय. बाटलीबंद तयार फळपेयात किमान 10 टक्के, लिंबाच्या पेयात 5 टक्के रस असावा, असा सरकारी नियम आहे. सप्टेंबर 2025 पासून गॅस नसलेल्या फळपेयांवरील जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. हा लाभ फळ वाढविण्यासाठी वापरावा.

पेल्यात रस किती व साखर किती, हे गाड्यावर पाटी लावून सांगता येईल, असाच धंदा आपल्या बांधवांनी करावा.