दिवस मोजा, नावं तपासा

आपल्या हॉस्टेलमध्ये दरवर्षी जून-जुलैत एक यादी फिरते. एम.एस.ला अमेरिकेला निघालेल्या सीनियर्सची ही यादी. कांदा-लसूण चटणी किती किलो, कुकर किती लिटरचा, चष्म्याचे जोड दोन, दातांचं काम इथंच उरकून घ्यायचं, गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवायची. यादी पिढीजात आहे आणि उत्तम आहे. पण तिच्यात एक ओळ मला कधी दिसली नाही : "घरातल्या कोणकोणत्या खात्यावर आपलं नाव आहे, ते लिहून काढा." ही ओळ यादीत आली पाहिजे, एवढंच सांगायला हा लेख लिहितेय.

टॅक्स म्हटलं की आपण हात वर करतो. आपण विद्यार्थी, आपल्याला कुठला टॅक्स? पण परदेशात उतरल्याबरोबर दोन देशांची सरकारं आपल्याबद्दल एक प्रश्न विचारायला लागतात : हा माणूस करापुरता आमचा रहिवासी आहे की नाही? गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर पासपोर्टवरून ठरत नाही. व्हिसावर 'नॉन-इमिग्रंट' छापलेलं असलं तरी करखात्याच्या लेखी तुम्ही रहिवासी होऊ शकता. उत्तर ठरतं ते मुख्यतः दिवस मोजून. आणि मोजणी तर इंजिनियरिंगवाल्यांना यायलाच हवी!

अमेरिकेची मोजणी अशी. चालू वर्षातले सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्यामागच्या वर्षातल्या दिवसांचा एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस तिथं काढलेले असले, की झालात रहिवासी. सलग तीन वर्षं १२० दिवस राहिलात तर १२० + ४० + २० = १८०, म्हणजे सुटलात. १२२ दिवस राहिलात तर बेरीज बरोबर १८३, म्हणजे अडकलात. दोन दिवसांचा फरक!

आता विद्यार्थ्यांसाठी यात एक खिडकी ठेवलेली आहे. एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे दिवस पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजलेच जात नाहीत. त्यातही वर्षाचा तुकडा असला तरी पूर्ण वर्ष धरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये गेलेल्याची पाच वर्षं २०२१ ते २०२५. ऑगस्ट २०२६ पर्यंत मुदत आहे असं समजून जो बसेल, तो चुकेल. या काळात तुम्ही अनिवासी, म्हणून तुमचा फॉर्म १०४०-एनआर, साधा १०४० नव्हे. शिवाय फॉर्म ८८४३ वेगळा. तो एक डॉलरही न मिळवणाऱ्यानं भरायचा असतो. एफ-टू वर बरोबर गेलेल्या बायकोनं भरायचा असतो आणि कडेवरच्या बाळाच्या नावानंही भरायचा असतो.

अनिवासी असण्याचे फायदेही आहेत. भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ मध्ये झालेल्या करारातल्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला अनिवासी असूनही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. तसंच या काळात कॅम्पसवरच्या नोकरीत किंवा ओपीटीत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची मिळून ७.६५ टक्के कपात व्हायची नसते. कंपनीनं चुकून कापली तर ती परत मागता येते. पण मागणार कोण? ज्याला माहीत आहे तो. रूममेटनं जसं भरलं तसं आपण भरायचं, ही आपली सबमिशनची पद्धत तिथं चालत नाही. रूममेट सहाव्या वर्षात असेल तर त्याचा फॉर्मच वेगळा!

हे झालं तिकडचं. इकडे भारत सरकार वेगळ्या पट्टीनं मोजतं. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. त्यात १८२ दिवस भारतात काढले की तुम्ही निवासी. किंवा त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस काढले, तरीही निवासी. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला ६० ऐवजी १८२ ची सवलत आहे, म्हणून नोकरीवाला सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उडाला तरी त्या वर्षी अनिवासी ठरतो. पण शिकायला जाणं म्हणजे नोकरीला जाणं नव्हे. ऑगस्टमध्ये निघालेल्या विद्यार्थ्याचे एप्रिलपासूनचे साठ दिवस कधीच होऊन गेलेले असतात. २०२५ मध्ये संसदेनं नवा आयकर कायदा संमत केला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. त्यातही १८२ आणि ६० हे आकडे तेच राहिले.

म्हणजे झालं काय? पहिल्या वर्षी तुम्ही अमेरिकेत अनिवासी आणि भारतात निवासी. भारतातल्या सर्वसाधारण निवासी माणसाचं परदेशात बँक खातं असेल, तर त्याला उत्पन्न कितीही कमी असलं तरी रिटर्न भरून ते खातं दाखवावं लागतं. तुम्ही तिथं पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात उघडता ते खातंसुद्धा यात आलं. न दाखवल्याबद्दल २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपये दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून इतर परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर या दंडातून सूट मिळाली. पण दाखवण्याची जबाबदारी सुटलेली नाही.

त्यात आणखी एक गुंता. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २००३ मध्ये सांगून टाकलं की परदेशी शिकायला गेलेले विद्यार्थी परकीय चलनाच्या कायद्यासाठी एनआरआय धरायचे. त्यामुळे इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. एका कायद्यानं निवासी, दुसऱ्या कायद्यानं अनिवासी, आणि माणूस एकच!

तरीही इथपर्यंत फार काही बिघडत नाही. खरी गोष्ट सुरू होते एच-वन बी लागल्यानंतर. समजा १ ऑक्टोबरला एच-वन बी सुरू झाला. डिसेंबरअखेर ९२ दिवस होतात, म्हणून ते वर्ष बहुधा अनिवासीच. पुढच्या वर्षी मात्र तुम्ही रहिवासी, आणि त्या दिवसापासून अमेरिका तुमच्या जगभरच्या उत्पन्नाचा हिशोब मागते. जगभरच्या म्हणजे अगदी कागल, शिरोळ, राधानगरीच्या सुद्धा.

आता आपल्या घरांकडे बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकरी घरात सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागलेलं असतं आणि त्याच्या नावचं ऊसबिल कारखान्याकडून त्याच्या खात्यावर जमा होतं. भारतात शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून घरात कुणी त्याला 'इन्कम' म्हणतच नाही. अमेरिकेच्या कायद्यात अशी माफी नाही. पीपीएफचं व्याज इथं करमुक्त, तिथं नाही. म्युच्युअल फंडाची पाचशे-हजाराची एसआयपी इथं शहाणपणा समजली जाते. तिथं 'पीएफआयसी' नावाच्या १९८६ पासूनच्या कडक नियमात ती सापडते आणि तिचा फॉर्म भरून देण्याची फी कधीकधी नफ्यापेक्षा जास्त होते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जॉइंट खातं. वडील रिटायर झाले, ग्रॅच्युइटी-फंडाचे पैसे आले, त्यांनी बँकेत ठेव ठेवली. पहिलं नाव स्वतःचं, दुसरं मुलाचं किंवा मुलीचं. 'उद्या काही झालं तर पोराला हेलपाटे नकोत.' पैसा वडिलांचा, व्याज वडिलांचं, टॅक्स वडील भरतात. मुलाला कित्येकदा त्या ठेवीचा पत्ताही नसतो. पण अमेरिकेत 'एफबार' नावाचा एक अहवाल असतो. १९७० च्या बँक सिक्रसी ॲक्टमधून आलेला. रहिवाशाची अमेरिकेबाहेरची सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर प्रत्येक खातं त्यात दाखवायचं. जॉइंट खात्याची रक्कम अर्धी नव्हे, पूर्ण धरायची. १०,००० डॉलर म्हणजे आजच्या भावानं साधारण नऊ लाख रुपये. एका निवृत्त शिक्षकाच्या ठेवीनं ही रेघ सहज ओलांडली जाते. एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू असलेली पॉलिसी, पीपीएफ, डीमॅट हेही त्याच बेरजेत. लग्न होऊन एच-फोर वर गेलेल्या मुलीच्या माहेरच्या ठेवीसुद्धा. तिचे दिवस वेगळे मोजतात, तिची खाती वेगळी धरतात, ती कमावत नसली तरी.

एफबारमध्ये टॅक्स एक पैसाही नसतो, नुसती माहिती असते. पण न भरल्यास दंड भारी. जाणूनबुजून नसलं तरी मूळ कायद्यात १०,००० डॉलरपर्यंत, आणि तो आकडा महागाईबरोबर वाढत जातो. बिटनर या गृहस्थांचा खटला प्रसिद्ध आहे. रोमानियातून अमेरिकेत येऊन नागरिक झाले, पुढे मायदेशी परतले आणि पाच वर्षांचे अहवाल वेळेत भरले नाहीत. सरकारनं २७२ नोंदी मोजून २७ लाख २० हजार डॉलर दंड लावला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार अशा मतांनी ठरवलं की दंड खात्यामागे नव्हे, अहवालामागे मोजायचा. दंड ५०,००० वर आला. पण पन्नास हजार डॉलरसुद्धा काय थोडे झाले?

यावर हॉस्टेलच्या कट्ट्यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "सोड रे, कोण बघतंय?" बघतात. जुलै २०१५ मध्ये भारत-अमेरिका यांच्यात फॅटकाचा करार झाला, तेव्हापासून आपल्या बँका अमेरिकी रहिवाशांच्या खात्यांची माहिती सरकारमार्फत तिकडे देतात. बँकेत 'फॅटका डिक्लरेशन' म्हणून जो कागद सही करायला देतात, तो हाच.

दुसरं उत्तर, "आमचे सीए बघतील." राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेली आपली शाहूपुरी ही मुळात व्यापारी पेठ. इथं कीर्द-खतावणीला कधी तोटा नव्हता. पण इथला सीए इथली वही बघतो, तिथला सीपीए तिथली. वडिलांच्या ठेवीवरचं तुमचं दुसरं नाव दोघांच्याही वहीत येत नाही, कारण ते सांगायला हवं ते तुम्ही. दोन गावांत व्यापार करणाऱ्या अडत्याला कुणी शिकवावं लागत नाही की एका वहीतली नोंद दुसऱ्या वहीशी जुळली पाहिजे. आपण मात्र दोन देशांत संसार मांडतो आणि वही एकच ठेवतो.

उपाय अवघड नाही. ठेवीवर दुसरं नाव लावण्याऐवजी मुलाला नॉमिनी करायचं. नॉमिनी खात्याचा मालक नसतो, म्हणून तेवढ्यानं त्याला काही दाखवावं लागत नाही, आणि वडिलांना हवी ती सोयही होते. आपल्या एसआयपीचं काय करायचं ते रहिवासी व्हायच्या आधी ठरवायचं. ऊसबिलाचा हिशोब दरवर्षी मागवून घ्यायचा. आणि राहून गेलंच असेल तर घाबरून गप्प बसायचं नाही. हेतू वाईट नसलेल्यांसाठी चूक दुरुस्त करून द्यायची रीतसर योजना तिथल्या करखात्यानं ठेवलेली आहे. बहुतेकांना इथं भरलेल्या टॅक्सची वजावट तिथं मिळते, त्यामुळे देणं निघालं तरी फार मोठं नसतं. मोठा असतो तो दंड, आणि तो न सांगितल्याचा असतो.

अवघड आहे ते घरी बोलणं. "बाबा, ठेवीवरचं माझं नाव काढा," हे वाक्य आपल्याकडे काही चांगलं ऐकू येत नाही. विमानात बसायच्या आधीच पोरगं नाव काढायला निघालं, असं आईला वाटणार. शेजारी विचारणार, "वाटणी झाली काय?" आपल्या घरांत रेशनकार्डावरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव, पासबुकावरचं नाव म्हणजे 'तू आमचा आहेस' याची पावती असते. म्हणून हा विषय फॉर्मचा राहत नाही, मायेचा होतो, आणि सगळेच तो टाळतात. पण ज्या नावामुळे मुलगा पुढे दंडात सापडू शकतो ते नाव कुठल्या आईला हवं असेल? तिला कुणी समजावून सांगितलेलंच नसतं.

समजावणार तरी कोण? आम्ही इंग्रजी शाळेत शिकलेली पोरं. फॉर्मवरचा प्रत्येक शब्द आम्हाला वाचता येतो, पण घरात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते ठाऊक नसतं. आई-वडिलांना व्यवहार पक्का ठाऊक, पण फॉर्म वाचता येत नाही. दोघं एका टेबलाशी बसले तरच हे काम होणार, आणि ते बसणं मराठीतच होणार. 'सब्स्टॅन्शियल प्रेझेन्स टेस्ट' म्हणून कुणाच्या आईला काही कळणार नाही. "आई, तिकडे १८३ दिवस भरले की तिथलं सरकार आपल्या उसाचाही हिशोब विचारतं," असं म्हटलं की लगेच कळेल.

कॉलेजकडूनही एक अपेक्षा आहे. जीआरईचं मार्गदर्शन होतं, व्हिसा इंटरव्ह्यूची तालीम होते, एज्युकेशन लोनसाठी बँकवाले स्वतः येतात. मग मे महिन्यात एक दुपार या विषयालाही द्यावी. इथले एक सीए आणि तिकडून सुट्टीवर आलेले एक-दोन माजी विद्यार्थी बोलवावेत, आणि मुख्य म्हणजे पालकांना बोलवावं. खर्च म्हणाल तर चहा-बिस्किटांचा.

मित्रहो, बाहेर जाऊ नका असं मी म्हणत नाही. खुशाल जा, मोठे व्हा, आणि जमलं तर परत या. परत येणाऱ्यालाही दिवस मोजावेच लागतात, कारण बरीच वर्षं बाहेर राहून आलेल्याला भारत काही काळ 'निवासी पण सर्वसाधारण निवासी नव्हे' असा मधला दर्जा देतो, आणि त्या काळात त्याच्या परदेशातल्या बहुतेक मिळकतीला इथं हात लावत नाही. म्हणजे जाताना मोजा, राहताना मोजा, येताना मोजा. आणि यंदाची यादी फिरायला लागली की कांदा-लसूण चटणीच्या खाली कुणीतरी ती एक ओळ लिहा.