भंगारवाला गुन्हेगार नाही

घानाच्या आक्रा शहरातला आगबोग्ब्लोशीचा भंगारबाजार जगाने काळ्या धुराच्या फोटोंतून पाहिला. तांब्यासाठी तारा जाळणारी ही पोरं बहुतेक उत्तर घानातून पोटासाठी आलेली. त्यांत दागोम्बा मुसलमान बरेच. जुलै २०२१ मध्ये सरकारने तिथे बुलडोझर फिरवला. धूर थांबला? नाही, शेजारच्या वस्त्यांत पांगला. बुलडोझरने प्रश्न सुटत नाहीत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्याच बाजारात जुने टीव्ही, फ्रीज, कॉम्प्युटर दुरुस्त होऊन गरिबाच्या घरी जात. हे नेकीचं काम आहे. विष दुरुस्तीत नाही, जाळण्यात आहे: तारेवरचं पीव्हीसी जळलं की डायॉक्सिन निघतं. तार यंत्रानेही सोलता येते. पण यंत्राचा खर्च कुणी करायचा? ज्यांनी माल विकून नफा कमावला, त्यांनी!

२०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. रीतसर प्रक्रियेची नोंद पाव हिश्श्याचीही नाही. बाझल करार १९८९ चा, तरी बंद पडलेला माल ‘वापरलेला’ म्हणून गरीब देशांत उतरत राहिला.

आपल्याकडेही एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत जबाबदारी कंपन्यांची आहे. पण पैसा नोंदणीकृत कारखान्यांकडे जातो, कुर्ल्याचा भंगारवाला बाहेरच. त्याला प्रशिक्षण, यंत्र, नोंदणी द्या, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

आणि दोस्तांनो, बंद मोबाईल खैरातीत देऊ नका. आधी दुरुस्त करा, मग द्या. नाहीतर ती खैरात नाही, दुसऱ्याच्या दारात टाकलेला आपला कचरा आहे.