पत्र कोणाच्या शब्दांत?

मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झाला. त्या दिनाच्या सुमारास अनेक देशांतील शाळांत अन्यायग्रस्तांसाठी पत्रे लिहिली जातात. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचा हा उपक्रम २००१ मध्ये पोलंडमध्ये सुरू झाला. अशा परदेशी शाळेत स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्याने मुलांपुढे तयार मसुदा ठेवू नये, असे माझे मत आहे.

संख्येचे बळ मी नाकारीत नाही. नायजेरियातील मोझेस अकाटुग्बा याला १६व्या वर्षी अटक झाली, त्याचा छळ झाला आणि पुढे त्याला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. जगभरातून ८ लाखांहून अधिक पत्रे व निवेदने गेली. २०१५ मध्ये गव्हर्नरांनी त्याला माफी दिली. सत्ताधीशाच्या मेजावर गठ्ठाच बोलतो, हे खरे. कैद्याला किंवा त्याच्या आईला जाणारे पत्र मात्र एकेक करून वाचले जाते. तेथे फळ्यावरून उतरवलेले वाक्य दुसऱ्याच पाकिटात ओळखू येते. ‘तुमच्याकडे आता पाऊस आहे का?’ एवढेच एखाद्या मुलीला सुचले, तरी ते तिचे असते.

ज्याला लिहायचेच नाही, त्याच्यावर सक्ती करणे ही तर हक्कांची थट्टाच. त्याला पाकिटांवर तिकिटे लावू द्यावीत. तेही नको असेल, तर खुशाल खिडकीबाहेर पाहू द्यावे.