'नोंद आढळत नाही'

दिवाळीच्या झाडलोटीत जुने कागद निघाले, की हल्ली आमच्या पिशोरातही एकच मंत्र ऐकू येतो : "यंत्रात टाका, ते वाचील!" कोर्टाचे दप्तर असो की कंपनीचे, लाखो कागदांतून हवा तो शब्द यंत्र क्षणात काढते म्हणे. काढते, मान्य. जे निघत नाही त्याचे काय, एवढाच माझा सवाल आहे.

१९८५ साली अमेरिकेत ब्लेअर आणि मॅरन यांनी एका खटल्याचे सुमारे ४०,००० कागद घेऊन हीच परीक्षा केली. वकिलांची समजूत, कामाचे ७५ टक्के कागद हाती आले. आले होते सुमारे २० टक्के! एका पक्षाने ज्याला 'अपघात' म्हटले, त्यालाच दुसऱ्याने नुसती 'घटना' म्हटले होते.

आता घरचे पाहा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यात निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा दप्तरे निघाली उर्दूत आणि मोडीत. मोडीत शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही. शेवटी मोडी जाणणाऱ्यांनाच हुडकावे लागले.

यंत्रे सुधारली आहेत. २०१२ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांच्याकडून कागद निवडून घेण्यास मान्यताही दिली. पण त्यांनासुद्धा आधी जाणत्या माणसाने नमुन्याचे कागद वाचून शिकवावे लागते. तो जाणता आपण कुठून आणणार?

यंत्रे जरूर घ्या. पण आधी तालुक्यातालुक्यात मोडी आणि उर्दू वाचणारी चार पोरे तयार करा. नाहीतर 'नोंद आढळत नाही' या तीन शब्दांवर एखाद्याचे शेत जाईल, आणि नोंद मात्र दप्तरात वाळवीची वाट पाहत पडलेली असेल.