फिट थांबवणारा फवारा आणि आपली सही : दिल्ली परिसरातल्या मराठी कुटुंबांना जाहीर आवाहन



दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद इथे राहणाऱ्या आणि मुलाच्या उपचारासाठी महाराष्ट्रातून इथे येणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींपुढे आम्ही, अपस्मार असलेल्या मुलांचे काही पालक, एक विनंती ठेवतो आहोत. आपल्या मुलाला फिट येत असतील आणि रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, की चालू फिट थांबवणाऱ्या औषधाची चाचणी आहे, तुमच्या मुलाला त्यात घेऊ का, तर 'नको हो' म्हणून लगेच उठू नका आणि डॉक्टरसाहेब म्हणतात म्हणून लगेच सहीही करू नका. बसा. कागद मागून घ्या, घरी न्या, वाचा, विचारा. आणि ज्यांच्या घरात असं मूल नाही, त्यांनी त्या पालकांच्या शेजारी बसायला या.

अपस्माराची रोजची गोळी किंवा सिरप असतं ते फिट येऊ नये म्हणून. तरीही फिट आली तर ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटं उलटली, की आपोआप थांबण्याची आशा कमी होत जाते. अपस्माराच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2015 साली संपूर्ण अंगाच्या झटक्यांसाठी दोन रेषा आखून दिल्या : पाच मिनिटांनंतर तातडीचा उपचार सुरू झाला पाहिजे, आणि तीस मिनिटांपलीकडे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका. आता संध्याकाळी सहा वाजता कालिंदी कुंजच्या पुलावरून सफदरजंगपर्यंत जाऊन दाखवा तीस मिनिटांत! रुग्णवाहिका मागवली तरी ती याच रस्त्याने येणार. म्हणून फिट थांबवणारं औषध घरात, शाळेच्या दप्तरात आणि आजीच्या पिशवीत असावं लागतं, आणि डॉक्टर नसलेल्या माणसाला ते देता यावं लागतं.

पूर्वी असं औषध म्हणजे गुदद्वारातून दिलं जाणारं डायझेपाम. ते चालतं, त्याने अनेक मुलांचे जीव वाचलेले आहेत. पण दहा वर्षांच्या मुलीला वर्गात, मेट्रोच्या डब्यात, लग्नाच्या मांडवात ते कसं द्यायचं? शिक्षिका धजावत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. मग विचार पुढे आला तो नाकातून देण्याच्या मिडाझोलामचा. नाकाच्या आतल्या अस्तरातून ते झपाट्याने रक्तात उतरतं, सुई लागत नाही, कपडे काढावे लागत नाहीत.

हा विचार खरा की नुसता सोयीचा, हे तपासलं गेलं ते आपल्याच शहरात. एम्सच्या बालरोग विभागातल्या भट्टाचार्य, कालरा आणि गुलाटी या डॉक्टरांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. 46 मुलं, त्यांना आलेल्या मिळून 188 फिट. कोणत्या वेळी जुनं औषध द्यायचं आणि कोणत्या वेळी नाकातलं, हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हतं. नाणेफेकीसारखंच, आधी ठरवून दिलेल्या यादृच्छिक क्रमाने. औषध दिल्यापासून फिट थांबेपर्यंत नाकातल्या मिडाझोलामला सरासरी 117 सेकंद लागले, डायझेपामला त्याहून बरेच जास्त. डॉक्टर पोचल्यापासून औषध आत जाईपर्यंतचा वेळही कमी झाला. श्वासाचा वेग आणि रक्तातला ऑक्सिजन पाच, दहा, तीस मिनिटांनी मोजला, त्यातही नाकातलं औषध उजवं ठरलं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ठक्कर आणि शानबाग या डॉक्टरांनी 50 मुलांवर नाकातलं मिडाझोलाम आणि शिरेतलं डायझेपाम यांची तुलना केली. ती 2013 मध्ये छापून आली. तिथे मूल रुग्णालयात आल्यापासून औषध सुरू होईपर्यंत नाकवाल्या गटाला सरासरी साडेतीन मिनिटांच्या आत आणि शिरेवाल्या गटाला चौदा मिनिटं लागली. झटके देणाऱ्या लेकराच्या हाताची शीर शोधणं काय असतं ते ज्याने पाहिलंय, त्याला या आकड्यांचं नवल वाटणार नाही.

आज आपल्या पिशवीत नाकातल्या फवाऱ्याची जी छोटी बाटली आहे, तिच्यामागे ती 46 आणि ही 50 मुलं आहेत. त्यांच्या आईवडलांनी कधीतरी, कुठल्यातरी ओपीडीच्या बाकावर बसून होकार दिला होता. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

मग आता पुन्हा चाचण्या कशाला, असं कोणी विचारेल. बाटली हातात घेऊन बघा. आपल्याकडे मिळणाऱ्या काही फवाऱ्यांत एका दाबाला अर्धा मिलिग्रॅम औषध येतं. एम्सच्या अभ्यासातलं प्रमाण होतं वजनाच्या दर किलोमागे 0.2 मिलिग्रॅम. म्हणजे वीस किलोच्या मुलाला चार मिलिग्रॅम, म्हणजे आठ दाब, एका नाकपुडीत चार आणि दुसरीत चार. (हे गणित समजण्यापुरतं, आपल्या मुलाचे दाब डॉक्टरांनी लिहून दिले असतील तेवढेच. बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, एकीचा हिशेब दुसरीला लावू नका.) नवी बाटली असेल तर आधी हवेत दाबून पंप भरून घ्यायचा. मूल झटके देतंय, मान फिरतेय, तोंडाला फेस आलाय, मागून कोणीतरी 'जूता सुंघाओ' म्हणून ओरडतंय, आणि आपण मोजतोय : पाच, सहा... सहा झाले की सात? एकाच दाबात पूर्ण डोस देणारी साधनं परदेशात आहेत. तशी आपल्याकडे, आपल्या मुलांच्या वजनाला, आपल्याला परवडेल अशी यायची असतील, तर ती कोणीतरी मुलांवर तपासावीच लागतील.

मोठ्या माणसाला चाललं म्हणून पोराला चालेल, हा हिशेब औषधांत चुकतो. मूल औषध वेगळ्या वेगाने पचवतं, त्याची नाकपुडी लहान, आणि डोस थोडा जास्त झाला तर श्वास मंदावण्याची भीती. अमेरिकेत 2019 मध्ये नाकातल्या मिडाझोलामच्या एका फवाऱ्याला परवानगी मिळाली ती बारा वर्षांपुढच्यांसाठीच. नाकातल्या डायझेपामला 2020 मध्ये मिळाली ती सहा वर्षांपुढच्यांसाठी, आणि दोन वर्षांपर्यंत खाली यायला 2025 उजाडलं. युरोपात गालात सोडण्याच्या मिडाझोलामला 2011 मध्ये तीन महिन्यांच्या बाळापासून अठरा वर्षांच्या आतल्यांपर्यंत मान्यता मिळाली. वयाची ही रेषा खाली सरकते ती त्या त्या वयाच्या मुलांची माहिती हाती आल्यावर. नाही तपासलं, तर डॉक्टर अंदाजाने डोस लिहितात. तोही प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद कुठे होत नाही.

भीती वाटते, ती आम्हालाही वाटली. आणि ती उगाच नाही. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याला एका अभ्यासासाठी मुलींना एचपीव्ही लस दिली गेली, तेव्हा खम्मममध्ये कित्येक मुलींच्या संमतीपत्रावर आईवडलांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले, सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. त्या सगळ्या रागातून पुढचे नियम घडले. मार्च 2019 पासून नव्या औषधांच्या चाचण्यांचे जे नियम लागू आहेत, त्यांत चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, गंभीर त्रास झाला तर संशोधकाला चोवीस तासांत वर कळवावं लागतं, आणि चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे लागतात. त्या समितीत एक सामान्य नागरिकही असावा लागतो. आपल्यातल्या निवृत्त शिक्षिका, बँकेतले काका, वकीलमंडळी यांनी ही जागा मागितली पाहिजे. आपण भजनी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी भांडतो, त्यापेक्षा हे बरं.

सात वर्षांपुढच्या मुलाला स्वतःलाही विचारावं लागतं : सात ते बारा वयाचं मूल तोंडी हो म्हणतं, बारापुढचं लेखी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात. पोरं कधीकधी आपल्यापेक्षा चांगले प्रश्न विचारतात. आमच्यातल्या एकाच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं होतं, "फवाऱ्याने शिंक आली तर औषध बाहेर पडेल ना?" डॉक्टरांना दोन क्षण थांबावं लागलं.

फिट चालू असताना संमती घेता येत नाही. त्या वेळी आई कुठल्याही कागदावर सही करेल. म्हणून या औषधांच्या बाबतीत विचारणा मूल धडधाकट असताना, महिनोन्महिने आधी होऊ शकते, तशी व्हावी. आपण ती वेळ प्रश्न विचारायला वापरली पाहिजे. चाचणीतल्या दुसऱ्या गटाला काय मिळणार, जुनं औषध की नुसतं मीठपाणी? ठरलेल्या मिनिटांत फिट थांबली नाही तर पुढचं औषध कोणतं, आणि ते कोण देणार? रात्री दोनला फोन लावला तर उचलणार कोण? पहिला डोस रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली देणार का? चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील की बाटली परत द्यायची? मध्येच बाहेर पडलो तर नेहमीच्या उपचारात फरक पडेल का? (पडता कामा नये, हा आपला हक्क आहे.) आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? 15 जून 2009 पासून क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंद सक्तीची आहे. मोबाइलवर ती कोणालाही फुकट बघता येते. क्रमांक सांगायला कोणी कां कूं करू लागला, तर पिशवी उचला आणि घरी या. सगळं ऐकून 'नाही' म्हणालात तरी त्यात काही गैर नाही.

आता ज्यांच्या घरी असं मूल नाही, त्यांच्याशी बोलतो.

नागपूर, भुसावळकडून येणाऱ्या गाड्यांतून रोज कितीतरी कुटुंबं एम्ससाठी उतरतात. आई, बाप, आजी, कडेवर मूल आणि फायलींची प्लास्टिकची पिशवी. बाजारातली हिंदी त्यांना येते. पण इथले संमतीचे कागद बहुधा हिंदी-इंग्रजीत, तेही दहा-बारा पानी. माहिती पालकांना समजेल अशा भाषेत द्यावी हा नियमच आहे, तेव्हा मराठी प्रत मागायला संकोचू नका. आणि पालकांना वाचता येत नसेल, तर संमतीच्या पूर्ण वेळात एक निष्पक्ष साक्षीदार हजर हवा आणि त्याने सही करायला हवी, असंही नियम सांगतो. हा साक्षीदार चाचणीशी संबंध नसलेला माणूस असावा लागतो. वॉर्डबॉयला बोलावून सही उरकण्यापेक्षा तिथे आपल्यातलं कोणी का असू नये? पहाडगंज, करोल बाग, मयूर विहार, द्वारका, नोएडा इथे आपली मंडळं आहेत. गणपतीत शंभर स्वयंसेवक सहज मिळतात. आम्हाला अशी माणसं हवीत जी फोन आला की अन्सारी नगरला एम्समध्ये किंवा कलावती शरण रुग्णालयात तास-दोन तास जाऊन बसतील, कागद मराठीत वाचून दाखवतील, आणि स्वतःचं मत देणार नाहीत. शेवटचं जमणं सगळ्यात अवघड. करोल बागेतल्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या विटा-खानापूरच्या गलाई बांधवांनाही हीच विनंती. गावाकडची माणसं आधी तुमच्याच दुकानात पत्ता विचारत येतात.

शिक्षक आणि सोसायटीतल्या मंडळींना एवढंच : शाळेत फवारा ठेवायला नाही म्हणू नका. डॉक्टरांची लेखी चिठ्ठी आणि पालकांचं पत्र घ्या, दोन शिक्षकांना तो हातात घेऊन शिकू द्या. फिट आली की आधी घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. कांदा, चप्पल, हातात लोखंडाची किल्ली यांनी फिट थांबत नाही. ती तिच्या वेळेने थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. फवारा दिल्यावर मूल झोपाळेल. श्वासावर लक्ष ठेवा, दुसरा डोस डॉक्टरांनी लिहून दिलेला नसेल तर देऊ नका. फिट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा श्वास मंद वाटला तर 112 ला फोन करा.

पालकांनी आजपासून एक वही करावी. तारीख, फिट सुरू झाल्याची वेळ, फवारा दिल्याची वेळ, थांबल्याची वेळ, त्या दिवशीचं वजन. चाचणीत भाग घ्या अथवा न घ्या, ही वही डॉक्टरांना उपयोगी पडेल.

साक्षीदार म्हणून किंवा वाचून दाखवायला येऊ शकणाऱ्यांनी आपलं नाव, राहण्याचा भाग आणि आठवड्यातला मोकळा वार आपल्या मंडळाच्या कार्यवाहांकडे लिहून द्यावा. जे कोणत्याही चाचणीशी, औषध कंपनीशी किंवा त्या रुग्णालयाशी जोडलेले आहेत, त्यांनी तसं आधीच सांगावं; त्यांना दुसरं काम देऊ.

आपले,
अपस्मार असलेल्या मुलांचे काही पालक, दिल्ली परिसर