६४१ने भाग जातो

दोनचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात घ्या, प्रत्येकात एक मिळवा. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात आणि पाचही मूळ संख्या आहेत. ही माळ कितीही लांबवली तरी मूळ संख्याच मिळतील, असे पिएर द फर्माने १६४०मध्ये पत्रांतून कळवले. सिद्धता हाती नाही हे तो मान्य करत होता, पण खात्री सोडत नव्हता. माळेतली पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७. तिला ६४१ने भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो, हे लिओनार्ड ऑयलरने १७३२मध्ये दाखवले. ही संख्या शालेय गणितात यायलाच हवी. चार-पाच उदाहरणे जुळली की नियम सिद्ध झाला असे मानायची सवय आपल्याला लहानपणीच लागते, आणि ती मोडायला याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

पाच उदाहरणे म्हणजे फारच थोडी, लाखो तपासली असती तर विश्वास ठेवायला काय हरकत, असे कुणी विचारेल. जॉर्ज पोल्याने १९१९मध्ये मांडलेला अंदाज पाहा. १पासून २ किंवा त्यापुढच्या कोणत्याही मर्यादेपर्यंत मोजले, तर ज्यांच्या मूळ अवयवांची संख्या विषम आहे (पुन्हा आलेला अवयव पुन्हा मोजायचा) अशा संख्या निम्म्याहून कमी भरत नाहीत, असा तो होता. ९०,६१,५०,२५६पर्यंत तो एकदाही चुकत नाही. लगेच पुढच्या संख्येला चुकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज संगणक क्षणात अवयव पाडतो, मग ऑयलरच्या भागाकाराचे कौतुक कशाला? कौतुक भागाकाराचे नाही, शोधाच्या वाटेचे आहे. आंधळेपणाने तपासायचे तर ६५,५३६पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या समोर असतात. पण या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४च्या कुठल्या तरी पटीपेक्षा एकने मोठा असावा लागतो, हे ऑयलरने सिद्ध केले. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नात उत्तर. त्यातही ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. या दोन मांडण्या एकत्र आणल्या की लांबलचक भागाकार न मांडताही भाग जातो हे दाखवता येते. शिवाय संगणकाची धावही मर्यादितच आहे. याच माळेत दोनच्या २०व्या घाताइतका घात घेऊन मिळणारी संख्या ३,१५,६५३ अंकी आहे. ती संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, तरी तिचा एकही मूळ अवयव अजून सापडलेला नाही. ६५,५३७च्या पुढच्या लागोपाठ २८ संख्या संयुक्त निघाल्यामुळे आता अनेकांना उलट खात्री वाटते, की या माळेत मूळ संख्या पाचच. तीही तूर्त अटकळच आहे. त्या २८ संख्यांच्या पुढची संख्या अडीच अब्जांहून अधिक अंकांची आहे आणि ती मूळ की संयुक्त, याचा निकाल लागलेला नाही.