गाडी ह्यांच्या नावावर, जबाबदारी आपल्यावर



आमच्या दुकानाची एक जुनी पिकअप आहे. १६ वर्षांपूर्वी ह्यांनी घेतलेली. हे जाऊन २ वर्षं झाली, तरी गाडी ह्यांच्याच नावावर होती. मुलगा म्हणायचा, "आई, गोदाम ते बाजार एवढंच तर जाते. कोण अडवतंय?" मीही गप्प बसायचे. खरं सांगू? आरसी बुकावरचं ह्यांचं नाव काढायला मन धजत नव्हतं.

पर्युषणाच्या आधी शाळेच्या वळणावर सायकलवरचा एक पोरगा त्या पिकअपखाली येता येता वाचला. त्या रात्री मी कागदांची पिशवी उघडली. पासिंग संपलेलं, विमा संपलेला, पीयूसीचा पत्ता नाही.

मी बी.कॉम. झालेली, दुकानाचा जमाखर्च मीच लिहिते. तरी हे मला ठाऊक नव्हतं: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू गाडीचं पासिंग संपलं की आरसी बुक हातात असूनही तिची नोंदणी वैध धरत नाहीत. ८ वर्षांवरच्या अशा गाडीचं पासिंग दर वर्षी करायचं असतं. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. त्याला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. आमचा तोही राहिलेला. आणि विमा नसताना अपघात झाला, तर भरपाई मालकाच्या घरावरच येते.

आपण पाणी गाळून पितो, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतो. आणि ब्रेक न तपासलेली गाडी शाळेसमोरून नेतो! तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' आहे, म्हणजे राज्याचे नियम मोडून व्यवहार करणं. तो फक्त मालाच्या चोरट्या व्यापाराला लागू आणि आपल्या पिकअपला नाही, असं मला तरी म्हणवत नाही.

आम्ही गाडी महिनाभर उभी ठेवली. बोजा उतरवला, उशिराचा दंड भरला, गाडी माझ्या नावावर केली. ब्रेक, टायर, दिवे दुरुस्त केले. विमा आणि पीयूसी काढली, मग पासिंगला नेली. खर्च बराच झाला. तो झेपला नसता तर गाडी रीतसर भंगारात दिली असती, पण तशी रस्त्यावर आणली नसती.

नवं आरसी हातात आलं तेव्हा डोळे भरून आले. पण ह्यांनी आयुष्यभर एक बिलही कच्चं फाडलं नाही. त्यांचं नाव विनाविम्याच्या गाडीवर ठेवण्यात कसला आला मान?

मैत्रिणींनो, गाडीचे कागद हे पुरुषांचं काम म्हणून सोडू नका. घरातली ती पिशवी आजच उघडून बघा.